मिठाचा ठपका

राग आला की आम्रपाली बोलत नसे, हात धुवायला लागे. शनिवारी सकाळी तिनं पुन्हा एकदा नळ सोडला तेव्हा प्रयोगशाळेतला तिचा मदतनीस शिवा म्हणाला, "ताई, टाकीत पाणी बेताचंच हाय. रागवायचंच असेल तर कोरडं रागवा."

"गप बस, शिवा."

"गपच बसलोय मघापासनं. फोन मुळ्ये सरांचा होता ना?"

सरांचाच होता. आणि त्या फोनमधलं एकेक वाक्य आम्रपालीच्या कानात अजून माशीसारखं फिरत होतं.

रत्नागिरीत बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर हे केंद्र होतं. अर्ध्या भागात थॅलेसेमियाची मुलं यायची. कुणी लांज्याचं, कुणी पोफळीच्या वसाहतीतलं. आईच्या मांडीवर डोकं टेकून रक्ताची पिशवी रिकामी व्हायची वाट बघत पडायची. उरलेल्या अर्ध्या भागात डॉक्टर आम्रपालीचं संशोधन चालायचं. सावर्ड्याच्या काशीराम गुरुजींची ही मुलगी मुळ्ये सरांच्या हाताखाली रक्ताचे रोग शिकली होती. सर म्हणजे या किनाऱ्यावरचं मोठं नाव. थॅलेसेमियाच्या लेकरांना रक्तासाठी मुंबई गाठावी लागू नये म्हणून सरकारदरबारी जोडे झिजवून त्यांनी हे केंद्र उभं केलं होतं. कितीतरी घरांत देवांच्या फोटोशेजारी सरांचा फोटो होता, आणि तो काही उगाच नव्हता. म्हणूनच आम्रपालीचा राग असा आतल्या आत शिजत होता. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. ज्याच्या पाया पडलो त्याच्यावर रागावायचं म्हणजे स्वतःच्याच थोबाडीत मारून घेण्यासारखं.

"अगं, ती माणसं दिवसभर मासे खारवतात," सर फोनवर हसत हसत म्हणाले होते. "पोरीच्या हाताला मीठ नाही लागणार तर काय साखर लागेल? नमुना बाद कर. आणि उद्यापर्यंत फोन करू नकोस. गावी उत्सव आहे, बंदच ठेवणार आहे."

ती पोर म्हणजे मनाल. खाडीकाठच्या मोहल्ल्यातल्या नसीमाची मुलगी. वय सात, अंगानं जेमतेम पाचाची. खोकायला लागली की ओठ जांभळे पडायचे.

आम्रपालीला खात्री होती की हा सिस्टिक फायब्रोसिसच. थॅलेसेमियासारखाच हाही रोग घरातून येतो. आई धडधाकट, बाप धडधाकट, पण दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक मुलाच्या वाट्याला आलं की संपलं. तिथं रक्त नीट बनत नाही. इथं छातीतला ओलावा गोंदासारखा घट्ट होतो, खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि घामातून मीठ वाहून जातं. म्हणून घामातलं मीठ मोजायचं, ही या रोगाची पहिली परीक्षा. मनालच्या घामात ते नको तेवढं निघालं होतं.

पण सरांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं की हा गोऱ्यांचा रोग. कोकण किनाऱ्यावर तो आढळत नाही, असा लेखही त्यांनी लिहिला होता. लेखात आढळत नाही म्हटल्यावर तो आढळायचा कसा? आढळला तर नमुना बाद!

गेल्या वर्षी असाच एक नमुना बाद झाला होता. मनालच्या थोरल्या भावाचा, फैझानचा. तेव्हाही सर हेच म्हणाले होते, हाताला मीठ. आम्रपाली भांडली, हरली. फैझानला क्षयाच्या गोळ्या चालू राहिल्या. एकदा संपल्या, पुन्हा चालू झाल्या. थंडी सरता सरता तो गेला. अकरा वर्षांचा होता. त्याला क्षय नव्हताच.

आणि आता मुंबईत एका नव्या गोळीचा अभ्यास सुरू होत होता. नुसता कफ पातळ करणारी नव्हे, बिघाडाच्या मुळाशी जाऊन काम करणारी गोळी. अभ्यासात घेतलेल्या मुलांना ती मिळणार होती. बाहेर कुठं ती या लोकांच्या हाताला लागण्यासारखी नव्हती. नावं सोमवारी सकाळी बंद होणार होती. मनालचं नाव आत जायचं तर घामाची परीक्षा मान्य व्हायला हवी, आणि या किनाऱ्यापुरती मान्यता द्यायची ती मुळ्ये सरांनी.

"शिवा," नळ बंद करत आम्रपाली म्हणाली, "नसीमाभाभींना फोन लाव. असशील तशी ये म्हणावं. हात धुवायलासुद्धा थांबू नको म्हणावं."

"हात न धुता?" शिवानं तिच्या ओल्या हातांकडे पाहिलं. "आज तुम्हीच सगळ्यांच्या वाटचे धुतलेत म्हणून काय?"

नसीमा आली ती खरोखरच तशीच. कोपरापर्यंत मिठाची पांढरी पुटं, ओढणीला खाऱ्या बांगड्यांचा वास. एका हाताला मनाल. नवरा अक्रम कुवेतला. इथं सासऱ्यांचा, रमजानचाचांचा, सुक्या मासळीचा धंदा होता आणि मीठ लावायचं काम हिच्याकडे.

"काय झालं ताई? यादीत नाव आलं ना?"

आम्रपालीनं फोनवरचं सगळं सांगितलं. मऊ करून सांगावं असं तिला एकदा वाटलं, पण मऊ करण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

नसीमा हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे मी पोरीला न धुता आणली, असं म्हणतायत ते? ताई, त्या दिवशी तिला तुम्ही समोर बसून धुतलीत. डिस्टिल पाण्यानं. शिवाभाऊनी तीनदा पुसली. मी बघत होते."

"मला माहीत आहे, भाभी."

"मासळीवाल्याची पोर म्हटलं की घाणेरडीच असायची, नाय का? आमच्या घरात या म्हणावं एकदा. जमीन चाटून दाखवते."

"अम्मी, जमीन नको," मनाल म्हणाली. "तिथं मांजर बसते."

कुणालाच हसू आवरलं नाही. हसता हसताच नसीमाच्या डोळ्यांत पाणी आलं. "फैझान तान्हा होता ना ताई, मुका घेतला की ओठ खारट व्हायचे. मी सासूला सांगितलं. ती म्हणाली, आपल्या घरात उंबरा चाटलास तरी खारटच लागेल गो. आम्ही दोघी हसलो होतो." तिनं मनालला जवळ ओढलं. "हसलो होतो आम्ही."

आम्रपालीनं तिचा मिठानं भरलेला हात हातात घेतला. "भाभी, आज तुमच्याही घामाची परीक्षा करायची आहे."

"माझी? मला काय झालंय?"

"काहीच नाही. म्हणूनच. तुम्ही दिवसभर मिठात. मनाल मिठाला हातही लावत नाही. दोघींचे हात एकाच पाण्यानं सारखेच धुऊ. परीक्षेत जर हातावरचंच मीठ मोजलं जात असेल, तर ते तुमच्यात जास्त निघायला हवं."

शिवानं मायलेकींना शेजारी बसवलं. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. औषधाच्या दोन दोन चकत्या हातावर बांधल्या, त्यातून बारीक वीज सोडली, आणि घाम फुटल्यावर तो वेटोळ्याच्या नळीत गोळा करायला लावला. मनालला हे सगळं माहीत होतं. ती आईला धीर देत होती. "मुंग्या येतात गो अम्मी, पण चावत नाहीत."

"शिवामामा, अम्मीचा घाम माझ्यापेक्षा घाण निघाला तर?"

"तर अम्मीला शाळेत बसवू नि तुला बांगडे खारवायला."

आकडे आले. तीसच्या आत असले की माणूस ठणठणीत, साठच्या वर गेले की रोग. मिठात राबणाऱ्या नसीमाचा आकडा होता बावीस. मनालचा एकशे चार.

शिवानं यंत्राकडे पाहिलं आणि आई-बहिणीवरून एक शिवी हासडली. ती कुणाला होती ते त्यानं सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. आम्रपाली उठली, नळापाशी गेली, आणि नळ न सोडताच परत आली. आज हात धुऊन भागणार नव्हतं.

सरांचा फोन बंद तो बंदच. रविवारी दुपारी रमजानचाचांचा मासळीचा टेम्पो सरांच्या गावाच्या वाटेला लागला. आम्रपाली पुढे, नसीमा मनालला मांडीवर घेऊन तिच्या शेजारी. गाव मालगुंडच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. देऊळ लक्ष्मीनारायणाचं. पताका लागल्या होत्या, अंगणात मांडव होता, आणि कीर्तन नुकतंच उभं राहिलं होतं.

टेम्पो वासाचा, म्हणून चाचांनी तो लांब लावला. नसीमा आणि मनाल चाफ्याच्या पाराशी बाहेरच थांबल्या. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी आली. सोनूबाई, देवळाच्या अंगणातली रांगोळी जन्मभर हिच्याच हातची.

"उन्हात काय उभी गो? पोर बघ कशी धापा टाकत्येय. मांडवात ये."

"आम्ही मुसलमान हाव, आजी."

"मग? मांडवाला काय जात हाय? बस हितं, खांबाला टेकून."

बसल्या. रमजानचाचाही टोपी सारखी करून शेवटच्या रांगेत बसले.

कीर्तन दादूबुवांचं. अंगानं काडी, पण आवाज असा की टाळ थांबले तरी मांडव घुमत राहावा. डोक्याला फेटा, कमरेला उपरणं कसलेलं, एका हातात चिपळ्या. पूर्वरंगाला त्यांनी दया हा विषय घेतला होता. गाता गाता मध्येच थांबत, श्रोत्यांत उतरल्यासारखे दोन पावलं पुढे येत, आणि एखादी घरगुती गोष्ट सांगून पुन्हा अभंगाचं पद उचलत. मागे पेटीवाला त्यांचा श्वास ओळखून सूर धरत होता. कीर्तन असं असतं की माणूस येतो संसाराची गाठोडी डोक्यावर घेऊन, आणि केव्हा ती खाली ठेवली ते त्याचं त्यालाच कळत नाही. आम्रपालीनं मात्र गाठोडं खाली ठेवलं नव्हतं. पहिल्या रांगेत रेशमी सोवळं नेसून बसलेल्या मुळ्ये सरांच्या पाठीकडे ती बघत होती.

मध्यंतर झालं. बुवांना हार घातला, सगळ्यांना बुक्का लावत माणसं फिरू लागली. त्या गावात एक जुनी चाल होती. बुवांचं काही चुकलं तर मध्ये टोकायचं नाही. बुक्का लावताना कानात सांगायचं. आणि बुवांनी उत्तररंग सुरू करण्याआधी, चूक जिथं झाली त्याच जागी उभं राहून, ती सगळ्यांसमोर सुधारायची. सोनूबाई आज बुक्का घेऊन बुवांपाशी गेल्या आणि कानाशी काहीतरी पुटपुटल्या. बुवांनी जीभ चावली. मध्यंतर संपताच ते आपल्या जागी आले आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

"मंडळी, मघाचा अभंग मी भलत्याच संताच्या पदरात घातला. ज्याचा त्याला परत करतो. माय बसलीय समोर, तिनं पकडलं म्हणून बरं झालं. नाहीतर चोरीचा माल घेऊन घरी गेलो असतो!"

मांडव हसला, टाळ्या वाजल्या. मुळ्ये सरांनी सर्वांत जोरात वाजवल्या.

उत्तररंगात बुवांनी आख्यान लावलं ते काशीहून रामेश्वराला गंगेची कावड नेणाऱ्या संताचं. तापलेल्या वाळवंटात तहानेनं तडफडणारं गाढव दिसतं, आणि तो महात्मा देवासाठी आणलेलं पाणी त्या मुक्या जिवाच्या तोंडात ओततो. बरोबरचे म्हणतात, अहो, पाणी बाटलं, एवढी पायपीट वाया गेली. तो म्हणतो, पोचलं, माझं पाणी इथंच रामेश्वराला पोचलं. बुवांनी ओंजळ अशी धरली की त्यातून पाणी ओघळतंय असंच वाटावं. बायका पदराला डोळे पुसत होत्या. मागे रमजानचाचांनी रुमाल काढला. "मुक्या जनावराला पाणी," ते शेजाऱ्याला म्हणाले, "याच्यापरता सवाब, याच्यापरतं पुण्य नाय."

सरही रडत होते. चष्मा काढून, मोकळेपणानं, खांदे हलवून.

ते बघितलं आणि आम्रपालीच्या मस्तकात काहीतरी तडकलं. हे अश्रू खोटे असते तर बरं झालं असतं. ते खरे होते! या माणसाला गाढवाची तहान कळत होती. देवाचं पाणी कुणासाठी बाटवायला हरकत नाही, हे त्याला कळत होतं. फक्त खांबाला टेकून धापा टाकणारी पोर तेवढी कळत नव्हती, कारण तिच्या घराला मासळीचा वास होता.

आरती झाली, सुंठवडा वाटला गेला. सर देवळामागच्या ओसरीवर आले तेव्हा आम्रपाली तिथं उभी होती.

"अरे वा, आम्रपाली! कीर्तनाला आलीस? ऐकलंस ना? काय माणूस आहे!" त्यांचे डोळे अजून लाल होते.

"ऐकलं. सर, मनालची परीक्षा पुन्हा केली. आईचीही केली. दोघींचे हात एकाच पाण्यानं धुऊन." तिनं आकडे सांगितले.

मोठा संशोधक होता तो माणूस. बावीस आणि एकशे चार यांचा अर्थ त्यांना समजावून सांगायला नको होता. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, आम्रपालीला वाटलं की आता हे कान धरणार.

"हुशारी केलीस," ते म्हणाले. "मोठ्या माणसाच्या घामातलं मीठ खरं तर मुलापेक्षा थोडं वरच असतं. आणि तरी बावीस. हं."

"म्हणजे मनालचा नमुना खरा."

"दिसतंय तसं."

"म्हणजे फैझानचाही खरा होता."

सरांनी उपरणं खांद्यावर सारखं केलं. "ते आता कशाला? त्यात काय सिद्ध होणार आहे? मुलगा तर..."

"मुलगा मेला, सर. क्षयाच्या गोळ्या खाऊन मेला. तुमच्या एका विनोदावर मेला. मिठाऐवजी साखर लागेल का, म्हणालात."

"आवाज खाली कर. देऊळ आहे."

"देवळातच मघाशी बुवांनी कान धरले. एका अभंगाच्या संताचं नाव चुकलं म्हणून. तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

"कीर्तन वेगळं, संशोधन वेगळं."

"हो, वेगळंच. कीर्तनात चुकलं तर कुणाचं पोर जात नाही."

सरांचे ओठ घट्ट झाले. आता ते बोलले तेव्हा आवाजात उत्सव उरला नव्हता. "हे बघ, मी जन्मभर या किनाऱ्यावरच्या पोरांसाठी राबलो. तुला ठाऊक आहे. त्या एका लेखावरून माझ्यावर शिंतोडे उडाले तर उद्या केंद्राला मिळणारं सगळं थांबेल. रक्ताची मुलं कुठं जातील? मी मनालला मान्यता देतो. आत्ता देतो. पण तो जुना नमुना तू उकरायचा नाहीस. कुठंही नाही. हो म्हण."

म्हणजे सौदा. एका पोरीचा श्वास एका द्रोणात, आणि तिच्या मेलेल्या भावाचं नाव दुसऱ्या द्रोणात. पुजाऱ्यानं द्रोण वाटावेत तसं.

आम्रपालीच्या तोंडाशी शब्द आले होते. असे की बोलली असती तर देवळाच्या घंटा वाजल्या असत्या. पण तेवढ्यात मांडवाच्या कोपऱ्यातून खोकल्याचा आवाज आला. उबळ थांबेचना. सोनूबाईंचं "पाणी आणा रे कोणी" ऐकू आलं. नावं उद्या सकाळी बंद होणार होती.

"हो," आम्रपाली म्हणाली. तो एक शब्द घशातून बाहेर काढताना माशाचा काटा उलटा ओढावा तसं झालं.

त्या गावात फोनला रेंज मिळायची ती फक्त दीपमाळेच्या चौथऱ्यावर. सर रेशमी सोवळं सावरत चौथऱ्यावर चढले, फोन आभाळाकडे धरून दोनदा फिरले, आणि मान्यता पाठवली. आम्रपालीनं त्यांच्या हातातला फोन घेऊन स्वतः खात्री केली. नाव आत गेलं होतं. आता ते काढायचं तर अभ्यासाच्या मुंबईच्या समितीनंच; सरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

खाली माणसं जमली होती. कुणीतरी विचारलं काय झालं म्हणून.

"काही नाही," सर हसून म्हणाले, "एका गरीब मुलीला औषध मिळवून देतोय."

"देवमाणूस हो," कुणीतरी म्हणालं. सरांच्या हातावर सुंठवड्याची दुसरी पुडी ठेवली गेली.

नसीमानं आम्रपालीला मिठी मारली. सरांपुढे वाकून सलाम केला, मनालला करायला लावला. सरांनी मनालच्या डोक्यावरून हात फिरवला. आम्रपाली दुसरीकडे बघत राहिली. तिला वाटत होतं, हा हात झिडकारावा. पण तो हात आज औषध देत होता, आणि फैझानचा नमुना कुणी बाद केला ते नसीमाला ठाऊक नव्हतं.

टेम्पो परत निघाला. खाडीवरून वारं येत होतं. मनाल आईच्या मांडीवर झोपली होती, हातात सोनूबाईंनी दिलेली सुंठवड्याची पुडी तशीच. चाचा मघाचा अभंग आपल्या चालीत गुणगुणत होते.

"ताई, तुमचा चेहरा असा का?" नसीमानं विचारलं. "काम झालं ना?"

"झालं."

"मग?"

चढ संपला, फाटा दिसू लागला आणि फोनला रेंज आली. टुंग करून निरोप आला. सरांचा. तिनं वाचला. पुन्हा वाचला.

"काय हो? नाव काढलं काय?" नसीमा म्हणाली.

"नाही, नाही. नाव पक्कं आहे. ते आता कुणी काढत नाही. उद्या मनालचं रक्त जनुकांच्या तपासणीला जाईल." आणि मग आम्रपालीला ते आत ठेवणं जमलं नाही. तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. "समितीला असं कळवतो की, कोकण किनारपट्टीवरचा हा पहिलाच रुग्ण आमच्या केंद्रानं शोधला. मसुदा तू कर. शाबास."



"पहिला?" नसीमा म्हणाली.

"हो."

"आणि माझा फैझान? त्याचा घाम तुम्ही काढला होतात ना? त्याच्यात पण मीठ निघालं होतं. तुम्हीच तर सांगितलंत की मुंबईत मान्य झालं नाय."

"मुंबईत नव्हे, भाभी. मुंबईला पोचलंच नाही. सरांनी इथंच बाद केलं." आम्रपालीचा आवाज फाटला. "आणि आज मनालला घ्यायचं तर फैझानचं नाव कधी काढायचं नाही, अशी अट घातली. मी हो म्हटलं. मनाल खोकत होती. मी हो म्हटलं."

नसीमानं झोपलेल्या पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले. रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. तिचा चेहरा घट्ट होत गेला. मिठात ठेवलेल्या मासळीसारखा.

"मी त्याला सलाम केला," ती म्हणाली. "आत्ता. पोरीला पण करायला लावला."

"भाभी..."

"तुमच्यावर राग नाय ताई. तुमच्या जागी मी असते तर जमिनीवर नाक घासलं असतं." ती सरळ बसली. "पण एक सांगा. हो कोण म्हणालं?"

"मी."

"मी म्हणाले?"

आम्रपालीनं तिच्याकडे पाहिलं.

"मी नाय म्हणाले," नसीमा म्हणाली. "माझ्याशी कुणी सौदा केला नाय. आई मी आहे त्याची. अब्बा!"

रमजानचाचांचं गुणगुणणं केव्हाच थांबलं होतं. नातवाचं नाव ऐकल्यापासून त्यांचे हात स्टिअरिंगवर आवळलेले होते.

"अब्बा, देवळात अजून माणसं असतील ना? त्यांच्यासमोर फैझानचं नाव घ्यायचंय."

"असतील. जेवणाच्या पंगती बसायच्या हायत," चाचा म्हणाले. त्यांनी आरशात मागचा रस्ता बघितला आणि टेम्पो वळवला.